मतलई वारा, त्रयोदशीची भरती आणि कॅमेरा

डिसेंबर-जानेवारीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: उजेडच नव्हता. ती खरीही असते. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जानेवारीत त्याहून थोडा उशिरा. खाडीच्या तोंडावर धुकं असतं, समुद्रावर धुरकट पडदा असतो, आणि मधूनच दोन-तीन दिवस ढगाळ निघतात. पडदा विरेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात आणि तोवर पक्षी ओहोटीच्या पाण्यामागे दूर निघून गेलेले असतात.

यावर नेहमीचा सल्ला असतो महागडी लेन्स घेण्याचा. माझं मत वेगळं आहे. उजेड आपल्या हातात नाही. पण आपण कुठल्या दिवशी जायचं, कुठे बसायचं आणि वारा कुठून येतो याकडे लक्ष द्यायचं की नाही, हे पूर्ण आपल्या हातात आहे. या तीन गोष्टी जुळल्या तर साधा कॅमेराही पुरतो. त्या जुळल्या नाहीत तर लाखाची लेन्स धुरकट फोटोच देते.

उजेडापासूनच सुरुवात करू. कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख. म्हणजे सकाळी समुद्राकडे तोंड करून बसलं की सूर्य आपल्या पाठीशी आणि ऊन थेट पक्ष्याच्या अंगावर. हिवाळ्यात तो नेमका पूर्वेला उगवत नाही. डिसेंबरच्या अखेरीस रत्नागिरीत तो पूर्वेच्या जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेला, म्हणजे आग्नेयेच्या अंगाला वर येतो. त्यामुळे सरळ पश्चिमेकडे कॅमेरा धरला तर ऊन डाव्या खांद्यावरून येतं. किंचित उजवीकडे, वायव्येला वळलं की ते बरोबर पाठीमागे राहतं. दुसरी गोष्ट किनाऱ्यामागच्या डोंगराची. आरे-वाऱ्याला सडा अगदी समुद्रापर्यंत उतरतो, तिथे वाळूवर ऊन पोचायला वेळ लागतो. भाट्याला मागे सुरूचं बन आणि माडांच्या बागा असल्या तरी खाडीच्या बाजूला आकाश मोकळं आहे, म्हणून तिथे उजेड लवकर येतो.

हिवाळ्यातल्या उन्हाचा एक फायदा मात्र कुणी मोजत नाही. या दिवसांत भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच चढतो. सूर्योदयानंतर दोन तासांनी तो जेमतेम पंचवीस अंशांवर असतो. म्हणजे तिरपं, मऊ ऊन नऊ-सव्वानऊपर्यंत टिकतं. मे महिन्यात अशी चैन मिळत नाही.

आता वारा. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे आपण पाठ केले, पण फोटो काढताना त्यांची आठवण क्वचितच होते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा हिवाळ्यात सकाळी उशिरापर्यंत टिकतो. दुपारकडे तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, कारण पाठीवरून वारा आला तर पिसं उलटी फिरतात आणि अंगातली ऊब जाते. तो उडतोही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, कारण तसा लवकर उचलला जातो.

आता ऊन आणि वारा एकत्र करून बघा. सकाळी वारा पूर्वेकडून, म्हणून वाळूवर बसलेले कुरव पूर्वेकडे तोंड करून असतात, म्हणजे जमिनीकडे, उन्हाकडे आणि तुमच्याकडे. उडाले तर पहिली झेप तुमच्या दिशेला. दुपारनंतर नेमकं उलट. वारा समुद्रावरून, थवा पश्चिमेकडे वळलेला, तुमच्याकडे शेपट्या, आणि सूर्य थेट लेन्समध्ये. त्यामुळे दिवसातली एकच वेळ निवडायची असेल तर या किनाऱ्यावर सकाळ निवडावी, असं मी ठामपणे म्हणेन.

पण सकाळ कुठल्या दिवसाची? इथे भरती येते. कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशोब लागतो, आणि दिवसातून दोनदा भरती येत असल्याने पहाटेचा आणि संध्याकाळचा आकडा साधारण सारखाच पडतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं छापलेली मिळतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

आता छायाचित्रकाराच्या नजरेने हा हिशोब मांडू. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पण भरती अकरा-बाराला, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उजाडतं तेव्हा पाणी सगळ्यात दूर आणि पक्षीही पाण्याच्या कडेला, शे-दोनशे मीटरवर. अष्टमीला पहाटे सहालाच भरती पूर्ण होते. पक्षी वर खडकांवर विसावलेले असतात, पण तेव्हा उजेड नसतो, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी असल्याने वाळूही फारशी उघडी पडत नाही. मधल्या द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी पाहा. भरती अनुक्रमे नऊ, पावणेदहा, साडेदहाला. म्हणजे साडेसात ते नऊ या वेळात, तिरपं ऊन पाठीशी आणि मतलई वारा चालू असताना, पाणी चढत असतं. उधाण जवळ आल्याने ते जोरात चढतं आणि वाळूची पट्टी भराभर अरुंद होते. पक्षी तुमच्याकडे ढकलले जातात. तुम्ही एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. जे पुढे यायचं ते समुद्र आणतो. महिन्यातून दोनदा, तीन-तीन दिवस असे मिळतात.

यासाठी जागा निवडायची तर भाट्ये. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे उघडे पडतात आणि भरतीत एकेक करून बुडतात. शेवटच्या दांड्यावर सगळे गोळा होतात: कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार, मधूनच लांब वाकड्या चोचीचा कोरल. तुमची बैठक त्या दांड्याच्या जमिनीकडच्या बाजूला आणि पाणी चढायच्या आधीची हवी. पक्षी आल्यावर चालत जाऊन बसणं म्हणजे त्यांना उठवणं. आदल्या दिवशी भरतीची ओली रेषा कुठवर आली होती ते पाहून ठेवावं आणि तिच्या वर, पोटावर पडून राहावं. उभा माणूस पक्ष्याला लांबून दिसतो. पडून राहिलेल्याची त्याला हळूहळू सवय होते. शिवाय कॅमेरा वाळूच्या पातळीवर आला की पक्ष्यामागची वाळू फार मागे जाते आणि धूसर होऊन पक्षी सुटा उठून दिसतो.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते एक्स्पोजरमध्ये, आणि हे समजून घ्यायला रत्नागिरीइतकी चांगली शाळा क्वचितच सापडेल. मांडवीची वाळू काळी, इल्मेनाइटची. लोक तिला काळा समुद्र म्हणतात. रत्नदुर्गाच्या पलीकडे, मिऱ्याच्या बाजूला, वाळू पांढरी. तो पांढरा समुद्र. एकाच शहरात, थोड्याशा अंतरावर दोन रंगांचे किनारे.

कॅमेऱ्याच्या मीटरला पक्षी कळत नाही, समोरचा एकूण उजेड कळतो, आणि तो मध्यम राखाडी रंगाचा आहे असं धरून मीटर आकडे सुचवतो. मांडवीच्या काळ्या वाळूवर पांढरा कुरव उभा आहे. चौकटीचा बहुतेक भाग काळा, म्हणून कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार कमी आहे. तो एक्स्पोजर वाढवतो आणि कुरवाचं अंग पांढऱ्या डागासारखं करपून जातं. इथे एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करावा लागतो. पांढऱ्या समुद्रावर तोच कुरव फेसाच्या पुढे उभा असेल तर उलट होतं: सगळीकडे पांढरं पाहून कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो आणि पक्षी मळकट येतो. तिथे अर्धा ते एक स्टॉप वाढवावा लागतो. धुरकट आकाशाच्या पार्श्वभूमीवर उडणाऱ्या घारीला तर एकाहून अधिक.

याहून सोपा रस्ता आहे, आणि किनाऱ्यावर मी तोच सुचवतो. पक्ष्याच्या अंगावर पडणारा उजेड, तो काळ्या वाळूवर असो, फेसापुढे असो की हवेत असो, पाच-दहा मिनिटांत फारसा बदलत नाही. बदलते ती त्याच्या मागची चौकट. म्हणून कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. एखाद्या बगळ्याचा फोटो घेऊन पांढऱ्या पिसांवर तपशील उरला आहे का, ते हिस्टोग्रामवर आणि लुकलुकणाऱ्या इशाऱ्यावर पाहा आणि आकडे पक्के करा. मग पक्षी कुठेही जावो, आकडे हलवायचे नाहीत. ढग आला, ऊन चढलं, की पुन्हा तपासायचं.

याची खरी परीक्षा घेतो तो समुद्री बगळा, इंग्रजी पुस्तकांतला वेस्टर्न रीफ हेरॉन. मांडवी आणि मिऱ्याच्या खडकांवर तो हमखास दिसतो. एकाच जातीचे पक्षी दोन रंगांत येतात, काही गडद राखाडी, काही पूर्ण पांढरे, आणि दोन्ही एकाच खडकावर शेजारी शेजारी उभे असतात. पांढऱ्याला जपावं तर गडदाची पिसं काळी ठिक्कर होतात. गडदाला उजेड द्यावा तर पांढरा करपतो. मी पांढऱ्याला जपतो. रॉ फाइलमध्ये काळोखातून बरंच काही परत आणता येतं, करपलेल्या पांढऱ्यातून काहीच येत नाही. आणि इथेच ढगाळ हवा उपयोगी पडते. ढगाखालचा उजेड सगळीकडून सारखा येतो, दोन रंगांमधलं अंतर कमी करतो. पांढऱ्या पक्ष्यांसाठी ढगाळ सकाळ ही वाईट सकाळ नव्हेच. बगळ्याच्या पाठीवरचं एकेक पीस मोजता यावं असे फोटो अशाच दिवशी मिळतात.

उजेड किती कमी आहे याचा अंदाज आकड्यांनी घ्यावा. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ/५.६ असेल तर शटर सुमारे १/३२०० सेकंद मिळतं. सूर्य नुकताच वर आला असेल आणि मध्ये धुरकट पडदा असेल, तर उजेड चार स्टॉपने सहज कमी होतो, म्हणजे सोळावा हिस्सा. त्याच आकड्यांवर शटर १/२०० वर येतं. स्थिर बसलेल्या कोरलला, कॅमेरा टेकवलेला असेल तर, १/२०० पुरतं. उडणाऱ्या सुरयाला १/१६०० तरी हवं. मग आयएसओ वाढवण्यावाचून गत्यंतर नाही: १/१६०० साठी आयएसओ ३२००. त्याने फोटोत दाणे येतात, येऊ द्यावेत. दाणेदार पण स्पष्ट फोटो संगणकावर सुधारतो. हललेला फोटो कशानेही सुधारत नाही.

आयएसओला घाबरून कमी आकड्यावर काळपट फोटो घ्यायचा आणि मग घरी तो उजळवायचा, ही सवय सोडावी. काळ्या भागात मुळात माहिती थोडी असते. ती ताणली की दाणे अधिकच फुगतात. आयएसओ ३२०० वर नीट उजेडात घेतलेला फोटो, आयएसओ ८०० वर घेऊन दोन स्टॉप उजळलेल्या फोटोपेक्षा सहसा वाईट नसतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत तर चांगलाच निघतो. लेन्समधलं स्थिरीकरण तुमच्या हाताचं कापणं थांबवतं, पक्ष्याचं हलणं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. तांदूळ भरलेली कापडी पिशवी वाळूवर ठेवून त्यावर लेन्स टेकवली की तिपाईची गरज उरत नाही.

शटरचा आकडा वाढवण्याआधी पक्ष्याची चाल पाहावी, कारण पुष्कळदा तीच उजेड वाचवते. भाट्याच्या ओल्या वाळूवर चिखल्या पाहा. लडाख-तिबेटच्या उंच पठारावर वीण करून इथे हिवाळा काढायला आलेला हा मुठीएवढा पक्षी. तो पाच-सात पावलं भराभर पळतो, एकदम थांबतो, मान ताठ करून क्षणभर स्तब्ध राहतो, मग वाकून टोचतो. ओल्या वाळूत वळवळ कुठे होते हे तो डोळ्यांनी शोधतो आणि त्यासाठी त्याला थांबावंच लागतं. पळताना टिपायचा तर १/१००० हून अधिक वेग लागतो. थांबलेल्या क्षणी १/३२० लाही तो स्वच्छ येतो. दोन-चार मिनिटं नुसतं पाहिलं की लय कळते आणि बोट आपोआप थांब्यावर पडतं. सँडरलिंग असं करत नाही. तो लाटेमागे धावतो, लाटेपुढे धावतो, थांबतो तो फक्त लाट परतीला लागते त्या वळणावर. तुतवार शेपूट सतत हलवत असतो, पण डोकं स्थिर ठेवतो, म्हणून फोकस डोळ्यावर धरायचा आणि शेपूट हललेली चालवून घ्यायची.

धुरकट हवेत ऑटोफोकस घोटाळतो, कारण त्याला रंगांच्या कडा लागतात आणि कडाच पुसट झालेल्या असतात. मधला एकच फोकस बिंदू निवडून तो डोळा किंवा चोचीच्या बुडाशी धरावा. तिथे रंगांचा फरक सगळ्यात जास्त असतो. पण धुरकटपणावरचा खरा उपाय एकच, अंतर कमी करणं. वीस मीटरवरच्या पक्ष्यापुढे जितकी हवा आहे त्याच्या तिप्पट साठ मीटरवरच्या पक्ष्यापुढे आहे, आणि ती हवा कुठल्याही लेन्सने कापली जात नाही. संगणकावर धुकं काढणारी बटणं फार दाबली की पक्ष्याभोवती काळी कड उमटते.

संध्याकाळी जायचंच असेल तर जागा उलटी करा. मांडवीच्या जेटीवर पुढे जाऊन, समुद्राकडे पाठ करून किनाऱ्याकडे पाहिलं की सूर्य पुन्हा पाठीशी येतो आणि खाऱ्या वाऱ्याकडे तोंड केलेले कुरव तुमच्यासमोर येतात. मिरकरवाडा बंदरात बोटी लागल्या की ब्राह्मणी घारी आणि कुरवांची झुंबड उडते. तिथे माणसं कामात असतात, त्यांची वाट अडवू नये आणि त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

खाऱ्या हवेबद्दल थोडंसं. लेन्सवर बसलेलं मीठ कोरड्या फडक्याने पुसलं तर काचेवर ओरखडे पडतात. आधी किंचित ओलसर फडकं, मग कोरडं. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट खाडीवर आणला की काचेवर दव धरतं. तो बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा.

एवढं सगळं कशासाठी, याचं माझं उत्तर या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ब्रिटिश सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. त्या काळी नोंद पक्की करायची तर पक्षी मारून त्याचं कातडं जपावं लागे. आज तेच काम फोटो करतो, पण तो ओळख पटेल असा असेल तरच. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन कुरव हिवाळ्यात इथे एकत्र बसतात आणि दोघांचीही डोकी तेव्हा पांढरीच असतात, कानामागे फक्त एक काळा ठिपका. ओळख पटते ती उघड्या पंखावरून: तपकिरी डोक्याच्याच्या काळ्या पंखटोकात पांढरे डाग असतात, काळ्या डोक्याच्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्याचा डोळाही फिकट असतो. हे तपशील कमी उजेडात टिपायचे तर १/१६०० लागतं आणि पंख उघडण्याची वाट पाहावी लागते. त्यासाठी त्याला उडवायचं मात्र नाही. तो अधूनमधून आपणहून पंख ताणतो.

हे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जायला लागते तेवढी चरबी याच वाळूवर जमवतात. ओहोटीत खायचं, भरतीत विसावायचं, हा त्यांचा दिवस. विसाव्याच्या दांड्यावरून थवा उठवला की ती चरबी जळते. थव्यातल्या माना वर झाल्या, पक्षी टोचायचे थांबले, की तुम्ही पुरेसे जवळ आला आहात, तिथेच थांबा. दांड्याजवळ गाडी, कुत्रं किंवा ड्रोन नेऊ नका. किनाऱ्यावरच्या उंच झाडावर समुद्री गरुडाचं, आपल्याकडच्या काकणाचं, घरटं दिसलं तर त्याचा फोटो नको आणि जागेचा पत्ता कुणाला सांगायलाही नको. पायात रंगीत पट्टी किंवा कडं असलेला पक्षी मिळाला तर त्यावरची अक्षरं वाचता येतील असा फोटो घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. बाकीचे फोटो तारीख, वेळ आणि जागेसह ई-बर्ड या संकेतस्थळावर चढवा. धूसर असले तरी चालतील, ओळख पटली की पुरे. आणि कालनिर्णयवर पौष-माघातल्या द्वादशी ते चतुर्दशीवर आजच खूण करून ठेवा.